ज्ञात-अज्ञात

"गेली 22 वर्षं मी साहित्य संमेलनांत आहे," असं सांगितलं की समोरचा माणूस आवाज जरा खाली आणून विचारतो, "काय लिहिता आपण?" मी खरं तेच सांगतो. मंडपवाल्याच्या वहीत लिहितो. 'खुर्च्या 400, सतरंज्या 30, टेबलं 12, पैकी 1 लंगडं.' खाली सही आणि तारीख. एवढंच माझं लेखन. त्याला मानधन नाही. उलट अनामत भरावी लागते.

धंदा माझा बियाण्याचा. जालना हे सळईचं आणि बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथं 'महिको' काढली, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या वडाच्या सावलीत आमच्यासारखी कृषी सेवा केंद्रं गवतासारखी उगवली. 22 वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झालेली, रब्बीची पेरणी उरकत आलेली, दुकानात उधारीची वही सोडून वाचायला काही नाही. अशा दुपारी तीन सर आणि एक मॅडम पावतीपुस्तक घेऊन आले. मी 501 रुपये दिले. मोठ्या सरांनी पावती लिहिता लिहिता दारातल्या टेम्पोकडं पाहिलं आणि म्हणाले, "आपल्याला वाङ्मयाची आवड दिसते."

ज्याच्या दारात टेम्पो असतो त्याला वाङ्मयाची आवड असतेच, हा संमेलनाचा पहिला नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. त्या आठवड्यात माझ्या टेम्पोनं खुर्च्या वाहिल्या, पुस्तकांचे गठ्ठे वाहिले, सरस्वतीची मूर्ती वाहिली आणि परत येताना एक कथाकारही वाहिला. पुढं जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा असे जिल्ह्याचे आठही तालुके त्या टेम्पोनं पालथे घातले. कुठं तालुक्याचं संमेलन, कुठं ग्रामीण, कुठं नुसताच मेळावा. आणि एवढ्या वर्षांत एकाही ठिकाणी मी अध्यक्षीय भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. सुरुवात ऐकली तर मध्येच डिझेल संपतं. शेवट ऐकला तर तो माईकवाल्याच्या पोरानं वायर खेचल्यामुळं झालेला शेवट असतो.

हे गाऱ्हाणं नाही. आचाऱ्याला पंगतीत कोण बसवतं?

मराठवाड्यात साहित्याशी संबंध आला की माणूस 'सर' होतो. कॉलेजातले सर तर सरच. पण पतसंस्थेतले कॅशियर गझल लिहायला लागले की तेही सर, मेडिकलवाले चारोळ्या करायला लागले की तेही सर. मंडपाच्या मागून "ओ सर!" अशी एक हाक मारून बघा. पहिल्या पाच रांगा वळतात, व्यासपीठावरचे तिघंही वळतात. आताशा मीही वळतो. आमच्या सगळ्या संमेलनात फक्त दोघं जण सर नाहीत, मंडपवाले मामा आणि आचारी तात्या. त्यामुळं खरं काम निघालं की हाक याच दोघांना ऐकू जाते.

तालुके आठ असल्यामुळं समितीत प्रत्येक तालुक्याचा माणूस लागतो. माणूस घेतला की त्याचा विरोधकही घ्यावा लागतो, नाहीतर तो दुसरं संमेलन काढतो. मग निवास समिती, भोजन समिती, मंडप समिती, ग्रंथदिंडी समिती, सत्कार समिती, प्रसिद्धी समिती. प्रसिद्धी समितीत सगळ्यांना जायचं असतं, भोजन समितीत कुणालाच नाही, आणि जेवताना हे उलटं होतं. मागच्या खेपेला बॅज 210 छापले. उद्घाटनाला मंडपात बिनबॅजचा माणूस शोधला तर एकच सापडला, बॅजचं लॅमिनेशन करणारा. बॅजवाल्याचं मुख्य काम म्हणजे बिनबॅजवाल्याला गाठून काम सांगणं. त्यामुळं त्या लॅमिनेशनवाल्यानं दोन दिवस एकट्यानं पाणी वाटलं.

आमच्या या जमातीचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन 11 मे 1878 रोजी पुण्याला हिराबागेत भरलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ते भरवलं, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. पण 11 मे ही काय तारीख झाली? भर उन्हाळा. कुणीतरी माठ भरले असतील, कुणीतरी जाजमं झटकली असतील, एखादा ग्रंथकार वेळेवर आला नाही म्हणून कुणीतरी टांग्याच्या अड्ड्यापर्यंत पळत गेला असेल. त्याचं नाव कुठं नाही. पुढं 1885 साली दुसरं संमेलन ठरलं, तेव्हा जोतीराव फुले यांनी आपण का येणार नाही हे सविस्तर पत्र लिहून कळवलं. त्या पत्रातल्या विचारांवर मोठमोठी माणसं आजही बोलतात. मी आपला कार्यकर्ता, मला त्यातलं वेगळंच मोठेपण दिसतं. ते येणार नव्हते आणि तसं त्यांनी आधी कळवलं होतं! आजचा पाहुणा संमेलनाच्या सकाळी फोन बंद करून ठेवतो आणि आम्ही त्याच्या नावाची पाटी घेऊन जालना स्टेशनवर तीन गाड्या बघतो.

आमच्या भागात तर कार्यकर्त्याची परीक्षा आणखी अवघड होती. मराठवाडा साहित्य परिषद 1943 सालची, म्हणजे निजामाच्या राजवटीतली. कचेरीत आणि शाळेत उर्दू. आणि गश्ती निशाण 53 नावाचा हुकूम असा, की चार माणसं जमवून सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. त्या काळात ज्यांनी मराठीच्या सभांसाठी सतरंज्या टाकल्या ते खरे. आम्हाला आज फक्त पोलिसांची परवानगी, माईकची परवानगी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, शाळेच्या मैदानाचं पत्र आणि वीजजोडणीचा अर्ज एवढंच लागतं. मागं एका कचेरीत साहेबांनी अर्ज वाचून विचारलं होतं, "साहित्य म्हणजे नेमकं कोणतं साहित्य? मंडपाचं का?" मी म्हणालो, "तेही आहे."

अखिल भारतीय संमेलन मराठवाड्यात पुष्कळदा आलं. औरंगाबादला, अंबाजोगाईला, नांदेडला, परभणीला, परळीला, 2020 साली उस्मानाबादला, 2022 साली उदगीरला. जालन्याला अजून आलेलं नाही. 'जालना, सोने का पालना' म्हणतात, पण या पाळण्यात ते बाळ काही कुणी आणून घातलं नाही. आलं तर माझ्या टेम्पोचं काय होईल या विचारानं मला अधूनमधून घाम फुटतो. मात्र 2022 च्या डिसेंबरात 42 वं मराठवाडा साहित्य संमेलन आमच्या घनसावंगीला झालं. अध्यक्ष होते शेषराव मोहिते. त्यांची 'धूळपेरणी' मी फार पूर्वी निव्वळ नावावरून विकत घेतली होती. धूळपेरणी म्हणजे पावसाच्या आधी, कोरड्या धुळीत, येईल या भरवशावर बी टाकून मोकळं होणं. बियाणंवाल्याच्या काळजाचा ठोका चुकवणारा शब्द आहे तो. पाऊस हुकला तर शेतकरी आधी आमच्या दारात येतो. संमेलन हीही एक धूळपेरणीच. खुर्च्या आधी टाकायच्या, माणसं येतील या भरवशावर.

घनसावंगीला मी रसिक म्हणून गेलो होतो. अंगावर एकही काम नाही, छातीवर बॅज नाही, हातात वही नाही. छान मधल्या रांगेत बसलो. आणि बसल्या बसल्या ओळीत खुर्च्या किती, ओळी किती, मधली वाट किती फुटांची, याचा हिशेब मनात सुरू झाला. शेजारच्यांनी मान डोलावून विचारलं, "काय विचार मांडलाय, नाही?" मी म्हणालो, "हो, पण डाव्या बाजूला चार ओळी जास्त लागल्यात." ते उठून दुसरीकडं जाऊन बसले.

आता ज्या संमेलनाबद्दल सांगायचंय त्या गावाचं नाव सांगत नाही, पुढंमागं तिथून वसुली करायची आहे. एवढं सांगतो, की जिल्ह्यातलंच गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान, आणि साल असं की मराठीला अभिजात दर्जा नुकताच मिळालेला, 3 ऑक्टोबर 2024 ला. सगळ्या महाराष्ट्राला आनंद झाला, पण आमच्या ठराव समितीची पंचाईत झाली. वर्षानुवर्षं ठराव क्रमांक 1 ठरलेला: 'मराठी भाषेस अभिजात भाषेचा दर्जा त्वरित मिळावा.' कॉम्प्युटरमध्ये तयार. फक्त साल बदलायचं. आता तो दर्जाच मिळाल्यावर ठराव करायचा कशाचा? समितीत दोन तास चर्चा झाली. शेवटी टायपिंग करणाऱ्या पोरानं 'मिळावा'चं 'टिकावा' केलं आणि सर्वांनी त्याचं कौतुक केलं. त्या दोन दिवसांतलं माझ्या मते ते सर्वात सकस लेखन.

वर्गणीचं म्हणाल तर जालन्याला दाते कमी नाहीत. सळईवाले देतात, बियाणेवाले देतात. फक्त प्रत्येकाचं देणं आपापल्या जातीचं असतं. एका कारखानदारांनी कमानीसाठी सळई दिली. एका बागायतदार आबांनी रोख द्यायला नकार दिला आणि मोसंबीची 40 कॅरेट पाठवून दिली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ही देणगी नुसती देणगी नव्हे, मानाची देणगी. पण 40 कॅरेट! अध्यक्षांना रस, उद्घाटकांना रस, कवींना रस. परिसंवादाचा विषय होता 'ग्रामीण साहित्यातील नवे प्रवाह'. वक्ते बोलायला उठले तेव्हा त्यांच्या पोटात एकच प्रवाह होता. दुसऱ्या दिवशी ग्रंथदिंडीतल्या पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध आणि बाजूला दोन मोसंबी ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या. कुणी ठेवल्या विचारलं तर सत्कार समितीनं भोजन समितीकडं बोट दाखवलं.

निवास समितीत मी एकच वर्ष होतो, पण त्या एका वर्षात जेवढं साहित्य कळलं तेवढं पुढच्या दहा वर्षांत कळलं नाही. समीक्षकांनी उगाच ग्रंथालयं पालथी घालू नयेत, सरळ निवास समितीला गाठावं. निसर्गकवींना खोलीत पाल चालत नाही. एका जहाल कवींना अंघोळीला पाणी कोमटच लागतं, जरा जास्त गरम झालं तर ते ओरडत नाहीत, मुकाट्यानं थंड होईपर्यंत थांबतात. शेतकऱ्याच्या दुःखावर जाडजूड कादंबरी लिहिणाऱ्या एका सरांची सोय आम्ही मुद्दाम वाड्यातल्या गोठ्याशेजारच्या खोलीत केली. त्यांना बरं वाटेल म्हणून. रात्री दोनला फोन आला. "अहो, बाजूला रात्रभर काहीतरी मोठं हलतंय." मी धावत गेलो. म्हैस होती. तिनंही माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तिचीही तक्रार तीच असावी.

आणि संमेलनाच्या सकाळी माणसांच्या एकाच घोळक्याला किती नावं असतात बघा. स्वागताध्यक्ष म्हणतात, 'जनसागर.' निमंत्रक म्हणतात, 'रसिक.' बंदोबस्ताचे हवालदार म्हणतात, 'पब्लिक.' मामा म्हणतात, 'खुर्च्या.' तात्या म्हणतात, 'ताटं.' यातले खरे आकडे शेवटच्या दोघांकडंच असतात. आदल्या संध्याकाळी तात्या चुलीपाशी उभे राहून विचारत होते, "सर, किती ताटं धरू ते एकदाचं सांगा. बुंदीचा घाणा टाकायचाय."

निमंत्रक सर म्हणाले, "तात्या, साहित्याला आकड्यात मोजता येत नाही."

"साहित्याचं राहू द्या. बेसन किती भिजवू?"

"विषय दर्जेदार आहेत. जिल्हाभरातून लोक येणार."

"जेवून येणार का जेवायला येणार?"

या प्रश्नावर अजून कुठल्याही परिसंवादात चर्चा झालेली नाही. सर गप्प बसले. मी हळूच सांगितलं, "तात्या, माझ्या खुर्च्या 400 आहेत." तात्यांनी बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाले, "मंग साडेसहाशे धरतो. जेवायला खुर्ची लागत न्हाई."

ते 650 निघाले. कमी नाही, जास्त नाही. बुंदीची शेवटची मूठ संमेलनाध्यक्षांच्या ड्रायव्हरच्या ताटात पडली आणि परात पालथी झाली. बाकी वरण-भात, वांग्याची भाजी, भजे, मठ्ठा आणि पाटीभर ठेचा. या ठेच्यावर एका पाहुण्या समीक्षकांनी जेवढं मनापासून भाष्य केलं तेवढं त्यांना दुपारच्या सत्रात जमलं नाही. डोळ्यांत पाणीही तेव्हाच आलं होतं.

पण खरी गोष्ट घंटेची.

कविसंमेलनाच्या यादीत कवी होते 42. दहा वाजता 51 झाले. बारा वाजता 67. कुणी आमदारांची चिठ्ठी आणली, कुणी सासऱ्यांना आणलं. बियाण्याच्या पिशवीवर आम्हाला उगवणशक्तीचा टक्का छापावा लागतो. कायदाच आहे तसा. शंभर टक्के उगवण कुठल्याच बियाण्याची नसते. कवींची असते. जेवढे पेराल तेवढे, वर बांधावरचे आपोआप. आणि शेतात दाटी झाली तर विरळणी करता येते, इथं ती सोय नाही. तेव्हा ठरलं, की प्रत्येकाला एक कविता, तीन मिनिटं. वेळ झाली की टेबलावरची छोटी घंटी वाजवायची.

ती घंटी आणायची राहिली. कोणत्या समितीकडं होती यावर अजून दुमत आहे. मग एका सरांना सुचलं, की शाळेची घंटा आहेच की. मैदानाच्या कडेला लिंबाच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला. त्याच्यापाशी शाळेचे शिपाईमामा हातोडी घेऊन उभे केले. दोन मिनिटं झाली की एक टोला, तीन झाली की दोन. शिपाईमामांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, आणि आपल्या टोल्याचं एवढं महत्त्व त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेलं. पहिले अकरा कवी त्यांनी घड्याळ बघून चोख उतरवले.

बारावे कवी वेगळे निघाले. ते म्हणाले, "मी कविता वाचणार नाही, कविता जगणार आहे." एक टोला पडला. त्यांनी डोळे मिटले. दोन टोले पडले. "ही कविता इथं संपत नाही," असं म्हणून त्यांनी दुसरा कागद काढला. पुन्हा दोन टोले. तिसरा कागद. सूत्रसंचालिका मॅडमनी लिंबाकडं बघून हातानं काहीतरी खूण केली. शिपाईमामांना ती 'वाजवा चांगली' अशी वाटली. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि 34 वर्षांच्या सरावानं घणघणघणघण अशी लांबलचक घंटा दिली.

आता इथं एक बाब राहिली सांगायची. सकाळच्या ग्रंथदिंडीसाठी शाळेची मुलं बोलावली होती. लेझीम झालं, दिंडी झाली, आणि खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्हीच त्यांना मंडपात बसवून ठेवलं होतं. सुमारे 200 पोरं, गणवेशात. ती बिचारी केव्हाची कविता अंगावर घेत होती. लांब घंटा ऐकली मात्र, 200 पोरं एका झटक्यात उठून उभी राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत सुटायच्या घंटेनंतर काय होतं हे तुम्हाला ठाऊक असेल. एका पोरीनं सूर धरला आणि सगळ्यांनी खड्या आवाजात 'वंदे मातरम्' सुरू केलं.

मंडप उभा राहिला. व्यासपीठ उभं राहिलं. संमेलनाध्यक्ष सावधान. स्वागताध्यक्ष सावधान. बारावे कवी कागद हातात धरून सावधान. जनरेटरजवळ बिडी ओढत बसलेला ऑपरेटर बिडी टाकून सावधान. मी खुर्च्यांची उतरंड हातात घेऊन निघालो होतो, तो तसाच सावधान. गाणं संपलं, पोरं 'हुर्रे' करून फाटकाकडं पळाली. आणि मोठ्या माणसांच्या अंगात इतक्या वर्षांची सवय, की 'वंदे मातरम्' झालं म्हणजे कार्यक्रम संपला. तेही चपला शोधायला लागले. पाच मिनिटांत मंडप मोकळा. भोजनकक्षात तात्या कढईत झारा धरून म्हणत होते, "आरं, एक तास हाये अजून! कोन सोडलं ह्यांना?"

अध्यक्षांनी मात्र प्रसंग सावरला. म्हणाले, "समर्थांचं जांब याच जिल्ह्यातलं. लग्नाच्या मांडवात 'सावधान' ऐकलं आणि नारायण पळाला. मांडव सोडण्याची इथली परंपरा चारशे वर्षांची आहे." हे वाक्य मी ऐकलं. 22 वर्षांत अध्यक्षांचं पूर्ण ऐकलेलं वाक्य ते हेच, तेही त्यांनी माईकवर नव्हे, बुंदी खाताना म्हटलेलं.

जेवणानंतर राहिलेले 55 कवी झाले. लोक पुन्हा आले, हेही सांगायला हवं. आपल्याकडं माणूस जेवून निघून जातो हा समज खोटा आहे. उन्हं कलती झाली, पुढं म्हातारी माणसं, मागं बाया, कडेला दुचाकीवर बसून पोरं. एक तरुण कवी बापावरची कविता म्हणत होता. आवाज खोल. "बाप माझा अजून तिथंच..." म्हणून तो थांबला. मंडपात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि बाजूच्या माईकवरून आमच्या वाहनतळ समितीचा आवाज आला: "एमएच 21, पांढरी बोलेरो, जनरेटरच्या तोंडाला उभी आहे. ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब काढून घ्यावी." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कवितेला एवढ्या टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या, हे त्यानंच नंतर मला सांगितलं. बोलेरो स्वागताध्यक्षांची होती.

मग आभार. आभार प्रदर्शनाला आमच्याकडं सव्वा तास लागतो आणि त्याला कुणी घंटा वाजवत नाही. संमेलनाध्यक्षांचे आभार, उद्घाटकांचे, देणगीदारांचे पावतीपुस्तकातल्या क्रमानं, पत्रकारांचे, वरुणराजाचे (तो न आल्याबद्दल), लोडशेडिंगचे (तेही न आल्याबद्दल). आणि शेवटी, वही मिटता मिटता, "ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी..." इथं माईकवाला वायर गुंडाळायला लागलेला असतो. ज्ञात म्हणजे ज्यांचे बॅज हरवले नाहीत ते, अज्ञात म्हणजे आम्ही. मी त्या वेळी नेमका मंडपाच्या मागं असतो. तात्या पातेली घासून घेत असतात, मामा बांबूच्या दोऱ्या सोडत असतात. 'ज्ञात-अज्ञात' ऐकू आलं की मामा दरवेळी विचारतात, "ह्यातला मी कोणता?" मी सांगतो, "तुमचं बिल द्यायचंय, तुम्ही ज्ञात."

रात्री साडेनऊला गॅसबत्तीच्या उजेडात खुर्च्या मोजल्या. दरवर्षी तीन-चार कमी भरतात. एखादी मोडते, एखादी गावात लग्नाला जाते. त्याचे पैसे मी गुपचूप भरतो आणि हिशेबात 'किरकोळ' लिहितो. यंदा मोजल्या आणि मामा वहीकडं बघतच राहिले. 402 भरल्या. पुन्हा मोजल्या, दहा-दहाची उतरंड लावून. 402. दिल्या होत्या 400. आयुष्यात पहिल्यांदा संमेलन संपल्यावर खुर्च्या वाढल्या होत्या. मामांच्या सगळ्या निळ्या, पाठीवर पांढऱ्या रंगात त्यांची अक्षरं. त्यांत एक लाल निघाली, एक हात तुटून तांब्याच्या तारेनं शिवलेला. दुसरी लोखंडी, घडीची, पाठीवर काहीतरी ऑइलपेंटनं लिहिलेलं, पण 'मंडळ' एवढंच वाचता येतं. जागा मिळणार नाही म्हणून दोघं जण घरून खुर्च्या घेऊन कविता ऐकायला आले असावेत, आणि घंटा झाली तेव्हा उठून गेले असावेत. दुसरं काही सुचत नाही.

गावात दोन शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, चौकशी केली. कुणी पुढं आलं नाही. दोन्ही खुर्च्या जालन्याला माझ्या दुकानात आहेत. सकाळी 9 ते रात्री 8, दुपारी जेवायची सुट्टी. ज्यांच्या असतील त्यांनी ओळख सांगून घेऊन जाव्यात, पावती लागणार नाही. फार घाई केली नाही तरी चालेल. गिऱ्हाईक नसलं की मी त्या लाल खुर्चीत बसून अध्यक्षांचं छापील भाषण वाचतो. ते 38 पानांचं आहे. मी 11 व्या पानावर आहे.